बेचाळीस दिवसांचा पाहुणचार

बाथरूममधला नळ बंद होईपर्यंत आई धुतलेली चादर पोटाशी धरून पॅसेजमध्ये उभी राहिली. आतून पिळण्याचा आवाज आला, मग पाणी निथळण्याचा, मग पुन्हा पिळण्याचा. आठ वर्षांच्या मनगटांना मोठ्या पलंगाची चादर एका दमात पिळता येत नाही. कडी वाजली तशी आई दोन ढांगांत स्वयंपाकघरात शिरली आणि गॅसपाशी अशी उभी राहिली, जणू सकाळपासून ती दुधावरच नजर ठेवून आहे.

थोरली बाहेर आली. हात पुसलेले, बाह्या खाली ओढलेल्या, केस नीट बसवलेले.

"झोप लागली ना तुम्हाला व्यवस्थित?" आईने विचारलं.

"हो. खूप छान लागली. धन्यवाद."

तिच्यामागून धाकटा आला, कोरड्या चड्डीत, चार वर्षांच्या मानाने फारच शहाण्यासारखा. दोघं टेबलाशी बसली, ब्रेडचे तुकडे मोडून दुधात बुडवू लागली. तेवढ्यात आईने मुलांच्या खोलीत जाऊन गादीवरचं प्लास्टिक पुसलं, नवी चादर घातली, चारी कोपरे दाबले आणि ती परतही आली. आज सदतिसावा दिवस होता. सदतीस दिवस हा लपंडाव चालला होता आणि दोन्हीकडचे खेळाडू चांगलेच तरबेज झाले होते. थोरली चादर धुऊन बाथरूमच्या दारामागच्या मळक्या कपड्यांत खुपसायची, आई ती सगळे आवरत असताना रोजच्या धुण्याबरोबर मशिनमध्ये सारायची, दुपारपर्यंत ती घडी होऊन कपाटात जायची. कोणी कोणाला काही विचारायचं नाही. अळीमिळी गुपचिळी.

आई हे आपलं म्हणायला. मुलं तिला अजून कशानेच हाक मारत नव्हती. काही हवं असलं की जवळ येऊन उभी राहायची आणि तिचं लक्ष जाईपर्यंत थांबायची. सुरुवातीला आईला ह्याचं कौतुक वाटलं होतं. किती वळण आहे मुलांना, असं तिने घरी फोन करून आपल्या आईलाही सांगितलं होतं. आता एवढ्याशा सावलीने पाठीशी येऊन मुकाट उभं राहिलं की ती हातातलं टाकून पटकन वळायची.

कौतुक वाटायलाही कारण होतं म्हणा. ती बावीस वर्षं एका हॉटेलच्या स्वागताच्या काउंटरवर उभी होती. तिचा नवरा त्याच हॉटेलात खोल्यांची व्यवस्था बघायचा. त्याने ताणलेल्या चादरीवर सुरकुती शोधायला भिंग लागलं असतं. दोघांचं लग्न जमलं तेही हरवलेल्या किल्ल्यांवरून भांडता भांडता. पण ती भांडणं आपसातली. पाहुण्यासमोर आवाज चढवायचा नाही, पाहुण्याच्या खोलीत जे दिसलं ते खोलीतच ठेवायचं आणि पाहुण्याला लाज वाटेल असं काही घडलं तर त्याच्याही आधी आपण ते झाकायचं, हे दोघांच्या अंगात इतकं मुरलं होतं की ते आपण करतोय हेही त्यांना कळत नसे.

मूल दत्तक घ्यायचं ठरल्यावर सहा वर्षं कागद फिरले आणि शेवटी दोन मुलं मिळाली ती परदेशात, सख्खी बहीण-भाऊ. अट अशी होती की नवीन आईवडिलांनी तिथे जाऊन मुलांसोबत बेचाळीस दिवस राहायचं. मग ह्या दोघांनी भाड्याने दोन खोल्या घेतल्या, रजा जोडल्या आणि वर्षभर आधीपासून मुलांची भाषा शिकली. शिकवणी हॉटेलच्या नोकरांसाठी चालवलेली होती. 'आपली काही गैरसोय तर झाली नाही ना?' हे वाक्य त्यात पहिल्याच धड्यात होतं. 'गप्प बस' कुठल्याच धड्यात नव्हतं.

पहिल्या दिवशी बाबाने मुलांच्या उशीवर एकेक चॉकलेटची गोळी ठेवली आणि टॉवेलाचा हंस करून पलंगावर बसवला. धाकटा हंसाकडे बघून हसला. थोरलीने हंस दोन्ही हातांनी उचलून खुर्चीवर ठेवला, मोडू न देता, आणि म्हणाली, "धन्यवाद." तेव्हापासून ती पलंग असा आवरायची की इथे कोणी झोपलं होतं अशी शंकासुद्धा येऊ नये. कप विसळून पालथा घालायची. पाणी प्यायच्या आधी विचारायची. भावाला भरवायची, नाक पुसायची, बुटाच्या नाड्या बांधायची, आणि आईने हात पुढे केला तर म्हणायची, "राहू द्या, मी करते."

दर आठवड्याला तिथल्या बालकल्याण खात्याच्या अधिकारीबाई यायच्या. निवृत्तीला आलेल्या, जाड चष्म्याच्या, जिन्याला दम लागणाऱ्या. मागच्या खेपेला त्यांनी विचारलं होतं, मुलं कधी भांडतात का. आई म्हणाली, नाही. हट्ट करतात का. मुळीच नाही. तुम्ही दोघं कधी रागावलात का त्यांच्यावर. एकदाही नाही, असं आईने सांगितलं, परीक्षेतले गुण सांगावेत तसं. अधिकारीबाईंनी पेन कागदावरून उचललं. दाराशी ओळीने लावलेल्या चपला-बुटांकडे बघितलं, मग टेबलावरच्या त्रिकोणी घडी केलेल्या रुमालांकडे.

"फार छान," त्या म्हणाल्या. "फारच छान."

त्या गेल्यावर बाबा म्हणाला की अति तिथे माती असं काहीतरी त्यांच्या तोंडावर होतं. आई त्याच्यावर चिडली. पण तेव्हापासून तिच्या मनात पाल चुकचुकत राहिली. तिला बसवेना. पुसलेलं टेबल ती पुन्हा पुसायची, खिडकीशी जाऊन खालचा रस्ता बघायची, आपण काय बघायला गेलो होतो ते विसरून परत यायची. बाबा म्हणायचा, तू अशी येरझाऱ्या घालशील तर खालचे लोक वर येतील. आई हसायची नाही.

घोडं अडलं होतं ते एकाच ठिकाणी. सात वर्षांवरच्या मुलाचं मत तिथला कायदा विचारात घेत असे. अडतिसाव्या दिवशी अधिकारीबाई थोरलीला एकटीला बसवून विचारणार होत्या की ह्या माणसांबरोबर जायचंय का. ती नाही म्हणाली तर नाही. आणि भाऊ बहिणीला सोडून जाणार नाही, हेही कागदात लिहिलेलं होतं. कागदात अजून एक ओळ होती, आईने ती इतक्यांदा वाचली होती की पानाची तेवढीच जागा मळली होती. 'यापूर्वी एका कुटुंबात ठेवण्यात आले होते. जमले नाही.' का जमलं नाही ते कोणी लिहिलं नव्हतं.

अडतिसावा दिवस ढगाळ उजाडला. अधिकारीबाई अकराला यायच्या होत्या. बाबा भाजी आणायला गेला. आईने कप मांडले, उचलले, दुसरे मांडले. थोरलीने विचारलं की खोलीचं दार लावून घेतलं तर चालेल का, तिला आवरायचं आहे. आई म्हणाली, हो, अवश्य, जरूर. दार लागलं.

दहा मिनिटांनी वास आला. आधी आईला वाटलं ब्रेड. मग लक्षात आलं की ब्रेड तर भाजायला लावलेलाच नाही. ती पॅसेजमध्ये आली तर दाराच्या फटीतून धूर येत होता. तिने टकटक केली नाही, बावीस वर्षांत पहिल्यांदाच.

आत ओली चादर विजेच्या हीटरवर टाकलेली होती, आणि एका बाजूने तपकिरी होत होत काळी पडली होती. थोरली ती ओढायला बघत होती, पण टोक जाळीत अडकलं होतं. धाकटा पलंगावर मांडी घालून बसला होता आणि खोकत होता. आईने खटका पाडला, वायर उपटली, चादर दोन्ही हातांनी खेचून फरशीवर आपटली आणि पायाने तुडवली. मग खिडकी उघडली. मग तिने धाकट्याला बखोटीला धरून पॅसेजमध्ये नेऊन उभं केलं आणि परत आत आली.

आणि तिचं तोंड सुटलं.

"अक्कल आहे का तुला? अगं, दार लावून हीटरवर चादर टाकतेस? हा पोरगा इथे बसलाय, पेटली असती म्हणजे? कुठे शोधलं असतं मी तुम्हाला? आणि हात घालत होतीस त्याच्यात, ओल्या चादरीला, विजेच्या हीटरमध्ये हात. बघू तो हात इकडे. इकडे कर म्हणते ना!"

ती मुलांच्या भाषेत बोलत होती की आपल्या, हे तिला नंतर आठवेना. जी हाताला लागली ती. काउंटरवरच्या बाईचा ह्यात मागमूसही नव्हता. ही तिची स्वतःची आई बोलत होती, तिची आजी बोलत होती, लहानपणी गच्चीच्या कठड्यावर बसली म्हणून जिने पाठीत धपाटा घातला होता ती मावशीसुद्धा बोलत होती. तिने हात उलटापालटा करून बघितला. हाताला काही झालं नव्हतं. ते बघून तिला आणखीच राग आला.

थोरली भिंतीला टेकली होती. रडत नव्हती.

"तुम्हाला कळू नये म्हणून टाकली," ती म्हणाली. "त्या बाई येणारेत. त्या बाथरूममध्ये जातात."

"मला कळू नये म्हणून? मला रोज कळतं. पहिल्या दिवसापासून कळतं."

थोरली तिच्याकडे बघतच राहिली. आईने सदतीस दिवसांत पहिल्यांदाच तिचा चेहरा असा उघडा पाहिला, आणि त्यावर जे होतं ती लाज नव्हती. ती भीती होती.

"मग बोलला का नाहीत?"

"तुला वाईट वाटेल म्हणून."

"ते पण नाही बोलायचे," थोरली म्हणाली. "ते आधीचे. ते पण छान वागायचे. मला वाटलं त्यांना माहीतच नाही. मग एक दिवस गाडीत बसवलं आणि परत नेऊन सोडलं. तिथे सगळं सांगितलं. किती दिवस ओलं झालं ते पण. त्यांनी मोजलं होतं."

पॅसेजमधून धाकट्याच्या खोकल्याचा आवाज आला आणि थांबला. अशा वेळी पाहुण्याला काय म्हणायचं असतं त्याची आईला निदान वीस वाक्यं पाठ होती. त्यातलं एकही इथे उपयोगाचं नव्हतं. रोज सकाळी ती पॅसेजमध्ये चोरपावलांनी उभी राहायची तेव्हा ही पोर नळाखाली काय विचार करत असेल, हे एकदाही तिच्या डोक्यात आलं नव्हतं. माया म्हणून जे झाकलं, ते हिला पाळत वाटलं असणार. आईला रडू आलं, आणि रडतानाही राग काही कमी होईना.

"मी मोजलेलं नाही," ती म्हणाली. "आणि माझा राग अजून गेलेला नाही. ती चादर उचल आणि बादलीत टाक. हीटरला परत हात लावलास तर बघ."

थोरलीने चादर उचलली. आईने दुसरं टोक धरलं, कारण चादर मोठी होती आणि अर्धी अजून पाण्याने जड होती. दोघी ती ओढत बाथरूमकडे निघाल्या तेवढ्यात दारावरची घंटा वाजली.

अधिकारीबाई आणि भाजीची पिशवी घेतलेला बाबा, दोघं एकदमच आत आले. घरभर जळका वास होता. फरशीवर काळे पाय उमटले होते. बाबाने जाऊन स्वयंपाकघराच्या खिडक्या उघडल्या. अधिकारीबाईंनी नाक वर करून हुंगलं आणि आईकडे बघितलं. साधा ब्रेड जळला, एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं.

"हीटरवर चादर जळली," आई म्हणाली. "धाकट्याला अंथरूण ओलं करायची सवय आहे, थोरली चादर धुऊन वाळवत होती. मी तिला ओरडले. बरंच ओरडले."

"बरं," अधिकारीबाई म्हणाल्या, आणि थोरलीला घेऊन खोलीत गेल्या. दार लागलं.

धाकटा बहिणीमागे जायला निघाला तर अधिकारीबाईंनी मान हलवली होती. तो पॅसेजच्या मध्यावर थांबला होता, दोन्हीकडून परका झाल्यासारखा. बाबाने त्याला उचलून स्वयंपाकघरात ओट्यावर बसवलं आणि पिशवीतून वाटाण्याच्या शेंगा काढून दिल्या. तो सोलू लागला. पाच दाणे पातेल्यात, एक तोंडात. आई आत-बाहेर करत होती. पाच पावलं खिडकीपर्यंत, पाच परत.

"संपलं," ती हळूच म्हणाली. "सदतीस दिवस तोंडावाटे ब्र काढला नाही आणि आज नेमकी मी..."

बाबाही शेंगा सोलायला लागला. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. मागच्या खेपांना ही गाठभेट दहा मिनिटांत आटपायची, थोरलीची उत्तरं हो आणि छान आणि धन्यवाद एवढीच असायची. आज आतून तिचा आवाज ऐकू येत होता. शब्द कळत नव्हते, पण ती बोलत होती, सलग, चढ्या सुरात, मध्येच थांबून पुन्हा. एवढं बोलताना तिला दोघांनीही कधी ऐकलं नव्हतं. आई खिडकीशी थांबली आणि तिने काचेला कपाळ टेकलं. खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं, घेतच होतं.

पाऊण तासाने दार उघडलं. अधिकारीबाई एकट्याच आल्या, टेबलाशी बसल्या आणि त्यांनी पाणी मागितलं. पाणी पिऊन त्यांनी एक पाकीट चिकटवलं, त्यावर सही केली आणि ते पिशवीत टाकलं.

"उत्तर ह्यात आहे," त्या म्हणाल्या. "ते न्यायालयात उघडलं जाईल, सोमवारी. मला सांगता येत नाही, नियम आहे."

आईने मान डोलावली. बाबाने हातातली शेंग खाली ठेवली.

"पण तिची एक तक्रार आहे. ती सांगायला नियमाची आडकाठी नाही." अधिकारीबाईंनी चष्मा वर सरकवला. "पाऊण तास ती तेच सांगत होती. म्हणजे इतरही बरंच काही होतं, तुमचे यजमान आंघोळीला गातात ते बेसूर असतं, आणि सूपमध्ये मीठ नसतं, पण मुख्य तक्रार चादरीची. ती म्हणते, अंथरूण ओलं केलं ह्याने आणि बोलणी खाल्ली मी. म्हणते, हीटरचं माझं चुकलं, तेवढ्यापुरतं ठीक आहे, पण ह्याला एक शब्दसुद्धा नाही? उलट उचलून बाहेर नेलं. हा लहान म्हणून ह्याला सगळं माफ, हे तिला मान्य नाही. तिकडे घरी गेल्यावरही असंच चालणार असेल तर ते तिला चालणार नाही, असं तिने मला स्पष्ट सांगितलंय."

धाकट्याने एक दाणा तोंडात टाकला.

"तिकडे घरी गेल्यावर," आई म्हणाली. "असं म्हणाली ती?"

"मी तुम्हाला उत्तर सांगितलेलं नाही," अधिकारीबाई म्हणाल्या आणि पिशवीचा बंद ओढू लागल्या.

बाबाने तोंड फिरवलं आणि तो सिंकचा नळ सोडून उगाचच हात धुवायला लागला. थोरली मुलांच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली होती. तिने हाताची घडी घातली होती. तिचा फ्रॉक पोटावर ओला होता, एका बाहीला काजळी लागली होती आणि ती आईकडे बघत होती. वाट बघत होती, पण ह्या खेपेला तिने पाय आपटलाही.

आईने डोळे पदराला पुसायला म्हणून हात नेला, अंगावर साडीच नव्हती, तिने ते मनगटाला पुसले. धाकट्याला ओट्यावरून खाली उतरवलं आणि त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. चेहरा कडक करायला तिला दोनदा प्रयत्न करावा लागला.

"ऐक रे," ती म्हणाली. "अंथरूण ओलं झालं की झोपून राहायचं नाही. उठायचं आणि मला उठवायचं. ताईला नाही उठवायचं, मला. ती झोपेल. आणि आपण दोघं चादर धुवायची, तूही हात लावायचास. कळलं का?"

धाकट्याच्या गालात वाटाणे होते. त्याने ते गिळले, मान डोलावली आणि सवयीने दाराकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघतोस?" थोरली म्हणाली. "ती बोलतेय ना, तिच्याकडे बघ."